पहिला रणगाडा पूर्ण केला, पण खेळण्यासारखा दिसतोय. नेमकं कुठे चुकलं?

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

प्लास्टिक मॉडेलचं पहिलंवहिलं किट हातावेगळं केलं. सोव्हिएत टी-34/85, माप 1/35. तीन आठवडे रोज रात्री तासभर बसलो. जोडकाम पत्रकाबरहुकूम केलं, एकही भाग मोडला नाही. मग बाटलीतला हिरवा ॲक्रिलिक ब्रशने दिला, ट्रॅक (चाकांवरून फिरणारे साखळीपट्टे) चंदेरी रंगवले, बुरुजावर पांढरे आकडे लावले. टेबलावर ठेवून चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मन खट्टू झालं. बत्तीस टनांचं धूड वाटायला हवं, ते वाटत नाही. फुंकर मारली तर घरंगळेल असा दिसतो.

मला दिसलेल्या चुका अशा: तोफेच्या नळीवर दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत रेघ आहे. इंजिनाच्या जाळ्या रंगाने बुजल्यात. आकड्यांभोवती पापुद्रा चमकतो. पण एवढ्यानेच तो हलका दिसतो का, हे कळत नाही. सरळ सांगा, राग येणार नाही. दुसरं किट घेण्याआधी हे समजून घ्यायचंय.

कानस

स्वागत! पहिलं किट पूर्ण केलंत, हे आधी नीट मनात धरा. अर्धवट सोडलेली पहिली किटं मी फार पाहिली आहेत.

तुम्ही "हलका" हा शब्द वापरलात, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रणगाड्याच्या मॉडेलमध्ये वजन दिसलं पाहिजे, आणि ते सगळ्यात आधी दिसतं ट्रॅकमध्ये. टी-34 ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं असतात आणि वरून ट्रॅक तोलून धरणाऱ्या छोट्या चकत्या नसतात. त्यामुळे वरचा ट्रॅक थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावर टेकतो आणि दोन चाकांच्या मधे किंचित खाली झुकतो. खऱ्या ट्रॅकची रुंदी अर्धा मीटर. पोलादाच्या त्या जड कड्या हवेत तरंगूच शकत नाहीत. तुमच्या किटमधला ट्रॅक बहुधा एकसंध, लवचीक पट्टीचा असणार. तो पुढच्या चाकापासून ट्रॅक ओढणाऱ्या मागच्या चाकापर्यंत इलास्टिकसारखा सरळ ताणला जातो, मोठ्या चाकांना शिवतच नाही. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण खोट लगेच कळते.

उपाय आजही करता येईल. वरच्या ट्रॅकच्या आतल्या बाजूला, जिथे चाक येतं तिथे, सुपरग्लूचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवा. वर फेंडर (ट्रॅकवरचं पत्र्याचं झाकण) आणि ट्रॅक यांच्यामधे स्पंजचा तुकडा दाबून बसवा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी स्पंज काढला की ट्रॅक चाकावर बसलेला असेल. प्लास्टिक जोडायचा नेहमीचा सिमेंट या पट्ट्यांना सहसा धरत नाही, म्हणून सुपरग्लू.

दुसरं म्हणजे मॉडेल काचेवर ठेवून नजर काचेच्या पातळीवर आणा. दहाही चाकं टेकतात का? एखादं जरी अधांतरी असेल तर सगळं वजन नाहीसं होतं. पुढच्या किटला चाकांचे दांडे चिकटवले की सिमेंट ओला असतानाच ही तपासणी करायची. तेव्हा दांडा बोटाने जरासा हलवता येतो.

निळी शाई

ट्रॅकचा चंदेरी रंग आधी घालवा. वापरातला ट्रॅक गडद, तपकिरीकडे झुकणारा पोलादी असतो. चकाकी फक्त जिथे घासलं जातं तिथे: जमिनीला लागणाऱ्या उंचवट्यांवर आणि आतल्या दातांच्या कडांवर. गडद रंग द्या, तो वाळल्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं त्या उंचवट्यांवर घासा. चंदेरी रंगापेक्षा शिसं कितीतरी खरं दिसतं.

कोरी पाटी

कानसदादा, आत्ता काचेवर ठेवून पाहिलं. डावीकडचं दुसरं आणि उजवीकडचं चौथं चाक कागद आत सरकेल इतकं वर आहे. तीन आठवडे हे माझ्या डोळ्यांसमोर होतं! ट्रॅक आज रात्रीच चिकटवतो.

नळीच्या रेघेचं काय करू? रंग दिलाय, आता उशीर झाला का?

कानस

उशीर नाही. नळी दोन अर्ध्या भागांची असते, म्हणून ती रेघ. खरी नळी अखंड असते, त्यामुळे तिथली रेघ सगळ्यात आधी खुपते. पुढच्या वेळी असं करा. दोन्ही कडांना सिमेंट जरा सढळ लावा आणि भाग दाबून धरा. वितळलेलं प्लास्टिक सांध्यातून बाहेर येऊन बारीक वरंबा तयार झाला पाहिजे. मग पूर्ण एक दिवस हात लावू नका. वरवर कडक वाटलं तरी आत मऊ असतं, आणि घाईने घासलं तर दोन दिवसांनी तिथे खाच पडते. वरंबा आधी बारीक कानशीने, मग 400 आणि 800 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पेपर ओला ठेवा. लांबीच्या दिशेने घासत राहिलात तर नळी चपटी होईल. पेपरची चिंचोळी पट्टी कापा, नळीवरून बुटाला पॉलिश करतो तशी आडवी फिरवा आणि नळी थोडी थोडी वळवत राहा.

खाच उरली तर लांबी (पुटी) भरा. मी विकतची लांबी क्वचितच वापरतो. सिमेंटच्या बाटलीच्या तळाशी थोडंसं द्रावण उरलं की त्याच किटच्या स्प्रूचे (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) बारीक तुकडे त्यात टाकून ठेवतो. एका रात्रीत काकवीसारखा लगदा होतो. मुळात तेच प्लास्टिक असल्याने घासताना आजूबाजूच्या भागाइतकंच कडक लागतं.

मोठ्या चाकांच्या कडांवरही साच्याची बारीक रेघ असते. खऱ्या चाकावर तिथे रबर असतं, म्हणून तीही काढायची. दहा चाकं, दुहेरी, म्हणजे वीस कडा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

मंद आच

छान धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सिमेंटबद्दल थोडी भर घालते, कारण अनेक नवे लोक त्याला डिंकासारखं समजतात. प्लास्टिकचा सिमेंट दोन भागांच्या मधे थर होऊन बसत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की एकच भाग उरतो. तो एक प्रकारचा वेल्डच झाला. म्हणून रंग दिलेल्या कडेवर तो धरत नाही, आधी तिथला रंग खरवडावा लागतो. अगदी पातळ सिमेंट वापरताना आधी भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो, बघायला फार मजा येते. फक्त सांध्यावर बोट ठेवू नका. द्रव बोटाखालीही धावतो आणि तुमचा ठसा चिलखतावर कायमचा उमटतो. धातूच्या आणि रेझिनच्या भागांना मात्र सुपरग्लूच लागतो, त्यांना सिमेंट विरघळवू शकत नाही.

आणि खिडकी उघडी ठेवा. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं नसतं.

रंगाचा हात

तपशील बुजला याचं कारण रंगाचा जाड थर. एक साधा हिशेब करा. 1/35 मापात मॉडेलवरचा 0.1 मिमीचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिमी. इतका जाड रंग कोणत्याही कारखान्यात दिला जात नाही.

ब्रशने रंगवायचं तर बाटलीतून थेट कधीच नको. एका जुन्या बशीत रंग घ्या, थेंब थेंब पाणी किंवा त्याच कंपनीचं थिनर घाला. बशीच्या कडेवर सोडलेला ओघळ खाली उतरताना मागे अर्धपारदर्शक थर ठेवत असेल तर जमलं. पहिला हात दिल्यावर मॉडेल अतिशय वाईट दिसेल, पट्टे पट्टे, खालचा प्रायमर (रंगाआधी द्यायचा पायाचा थर) डोकावतोय असं. घाबरू नका आणि तिथेच पुन्हा ब्रश फिरवू नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश गेला की तो सोलवटून निघतो. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. तिसऱ्या हाताला रंग सपाट होतो. रुंद, चपटा, मऊ ब्रश घ्या. सगळ्यांचे ॲक्रिलिक सारखे नसतात: वालेहोचे रंग ब्रशला छान वागतात, तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणातून) सुरेख बसतात पण ब्रशने देताना लवकर वाळून ओढ धरतात.

प्रायमर दिला होता का?

कोरी पाटी

नाही. प्लास्टिक हिरवंच होतं, म्हणून गरज वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर एकच जाड हात दिला.

रंगाचा हात

मग टोकांवरचा रंग नखाने निघत असणार. प्रायमर रंगाला धरायला पकड देतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे सगळं एकरंगी राखाडी झालं की राहिलेल्या रेघा, फटी, ठसे उघडे पडतात. तेव्हा घासून पुन्हा प्रायमर देता येतो. त्याआधी भाग भांडी घासायच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटे व्हावेत म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ कधीकधी राहिलेला असतो, शिवाय आपल्या बोटांचं तेल असतंच.

स्प्रेचा डबा वापरणार असाल तर वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. दमट हवेत नको, थर दुधाळ होतो.

टाचणी

मी जरा वेगळं सांगतो. हा छंद पुढे चालवायचा असेल तर दुसऱ्या किटलाच एअरब्रश घ्या. 0.3 मिमीची नोझल, डबल ॲक्शन (हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येणारा), दुधाइतका पातळ रंग, 15 ते 20 पीएसआय दाब. एका संध्याकाळी जो थर बसतो तो ब्रशने आठवड्यातही बसत नाही. पुसट कडांचा छद्मरंग तर ब्रशने फारच अवघड.

मंद आच

टाचणी, एअरब्रशच्या गुणांबद्दल वाद नाही, माझ्याकडेही आहे. पण दुसऱ्याच किटला नको असं मला मनापासून वाटतं. एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसर, सफाई, मास्क, हवा बाहेर काढायची सोय. शिकणाऱ्याची निम्मी शक्ती नोझल साफ करण्यात जाते. आणि टी-34 एकाच हिरव्या रंगाचा. त्याला पुसट कडा लागतच नाहीत. ब्रशने पातळ रंग देता येणं ही वाया जाणारी गोष्ट नाही. पुढे एअरब्रश घेतला तरी अवजारं, रबर, पेरिस्कोप ब्रशनेच रंगवायचे असतात.

टाचणी

हे पटलं. एकरंगी रणगाड्याला घाई नाही. तीन रंगांचा जर्मन करायची वेळ येईल तेव्हा बघू.

कोरी पाटी

पापुद्र्याबद्दल कोणी सांगेल का? आकड्यांचं डेकल (पातळ पडद्यावर छापलेलं चित्र) तर पाण्यात भिजवून नीट सरकवलं होतं.

निळी शाई

डेकलमध्ये चूक नाही, खालच्या पृष्ठभागात आहे. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डेकलचा पातळ पडदा त्या उंचसखल भागावर बसतो, खाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा एक हात, मग डेकल, मग पुन्हा वार्निश. डेकलला मऊ करणारं द्रावण मिळतं. ते लावल्यावर डेकल सुरकुततं आणि जीव वरखाली होतो. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. वाळताना ते आपोआप ताणलं जाऊन ओतीव चिलखताच्या खडबडीत पोतावर रंगवल्यासारखं बसतं. सगळ्यात शेवटी मॅट वार्निश.

तुमच्या आताच्या आकड्यांना सुईने बारीक भोकं पाडून तेच द्रावण सोडून बघा. बरीचशी चमक जाईल.

रंगाचा हात

त्याच चकचकीत थराचा दुसरा उपयोग वॉशसाठी. वॉश म्हणजे अतिपातळ गडद रंग. तो नटबोल्टभोवती, झाकणांच्या कडांना, वेल्डच्या बाजूला सोडला की धावत जाऊन सावली तयार करतो. खऱ्या रणगाड्यावर उन्हाने पडते ती सावली इतक्या लहान मापात पडत नाही, म्हणून ती रंगाने द्यावी लागते. मी तपकिरी तेलरंगात काळ्याचा ठिपका मिसळून व्हाइट स्पिरिटने पातळ करतो. तेलरंग आधी पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवतो. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल पितो, मग रंग वाळल्यावर चमकत नाही. जास्त झालेला वॉश स्पिरिटने किंचित ओल्या ब्रशने पुसून घेता येतो आणि खालच्या वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही. खालचा रंग एनॅमल असता तर तोही सुटून आला असता.

इथे एक सावधगिरी, मी स्वतः किंमत मोजून शिकलेली. माझ्या तिसऱ्या मॉडेलला, जर्मन पॅन्झर 4 ला, मी खालून वॉशचं डबकं होऊ दिलं. चाकांचे दांडे ताणलेल्या ट्रॅकमुळे दाबाखाली होते. स्पिरिट सांध्यात शिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूचे तीन दांडे टिचलेले होते. ताणाखालचं उघडं प्लास्टिक स्पिरिटने ठिसूळ होतं. तेव्हापासून खालच्या बाजूला आधी वार्निश आणि वॉश कणाकणाने.

कानस

तेलरंग आहेतच तर धुळीबद्दलही बोलू. नवखा माणूस वॉश शिकला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे रंग उडाल्याचे टवके काढतो आणि गंज लावतो. जरा थांबा. मॉडेलवरचा 1 मिमीचा टवका म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटरची जागा. असे शंभर टवके असतील तर त्या रणगाड्याचं काय झालं असेल? युद्धातल्या टी-34 चं आयुष्य अनेकदा इतकं थोडं असे की चिलखतावर गंज चढायला अवधीच मिळत नसे. गंज दाखवायचाच तर मागच्या धुराड्याच्या नळ्यांवर दाखवा, तिथली उष्णता रंग टिकू देत नाही.

टवका काढण्याआधी स्वतःला विचारा, इथे काय घासलं असेल? लोक कुठे पाय ठेवून चढत? झाकण उघडताना कोणती कड आपटे? अशा पाच-सहा जागा निवडा. स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून गडद तपकिरी रंगात बुडवा, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपून टाका आणि मग हलकेच टेकवा. धूळ मात्र खालून वर चढते: चाकं आणि हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) खालच्या कडा सगळ्यात मळकट, बुरूज सगळ्यात स्वच्छ. एवढा एक उतार सांभाळलात तरी रणगाडा जमिनीवर उभा आहे असं वाटू लागतं. वजनाचाच भाग आहे तो.

निळी शाई

पूर्ण सहमत. फक्त एक: रंग मुळात डबीतल्यापेक्षा जरा फिका घ्या. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, आणि वर वॉशने तो आणखी काळवंडतो.

कोरी पाटी

दहा दिवसांनी परत आलो. नवं किट घेतलं नाही. सगळे सल्ले ह्याच टी-34 वर करून पाहिले, बिघडला तर बिघडू दे म्हणून.

ट्रॅक स्पंजने दाबून चिकटवले. सकाळी स्पंज काढला तेव्हा रंगाला हातही लावला नव्हता, तरी रणगाडा बसल्यासारखा दिसला. "बसल्यासारखा" याहून नेमका शब्द सुचत नाही. अधांतरी चाकांचे दांडे कापून पुन्हा चिकटवले. नळीवरचा रंग काढून घासली, लगदा दोनदा भरला. प्रायमर दिल्यावर एक बारीक खाच पुन्हा दिसली, तिसऱ्यांदा भरली. जाळ्या मात्र गेल्याच, तिथला रंग निघाला नाही. वॉश सोडताना पहिल्यांदा नटाभोवती गोल सावली आपोआप फिरली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, घरातले धावत आले.

टवके चारच काढले. चालकाच्या झाकणाची कड, बुरुजाची दोन झाकणं आणि चढायची एक जागा.

आता पुढचं किट. जर्मन टायगर घेऊ का?

टाचणी

अभिनंदन! टायगर मोह पाडतो, पण त्याची चाकं एकमेकांत गुंफलेली असतात. सुरुवातीच्या टायगरला प्रत्येक बाजूला आठ दांडे आणि दर दांड्यावर तीन चाकं, म्हणजे एका बाजूला चोवीस. आतली चाकं बसवल्यावर रंगवता येत नाहीत, म्हणून जोडकाम आणि रंगकाम आलटून पालटून करावं लागतं. नंतरच्या टायगरवर झिमेरिटचा खरबरीत लेप असतो, तो वेगळाच अभ्यास.

मंद आच

अमेरिकन शर्मन घ्या. प्रत्येक बाजूला तीन बोगी (चाकांच्या जोडीचे सांगाडे), प्रत्येकी दोन चाकं. वर ट्रॅक तोलणारे रोलर असल्याने झोक कसा वेगळा पडतो तेही कळेल. आणि त्याचे काही ट्रॅक रबरी ठोकळ्यांचे असतात, त्यांना शिसं घासायचं नाही. रबर चमकत नाही.

कोरी पाटी

शर्मनच घेतो, ताई. एक शेवटचं. किटमधली अँटेना दाभणाएवढी जाड होती म्हणून लावलीच नव्हती. ती कशी करू, आणि नेमकी कुठे?

कानस

टी-34/85 मध्ये रेडिओ बुरुजात, कमांडरजवळ आला, म्हणून अँटेना बुरुजाच्या डाव्या बाजूला. आधीच्या 76 मिमी तोफेच्या टी-34 ला ती हलच्या उजवीकडे असे. पत्रकात खूण पाहा.

करायची उरलेल्या स्प्रूपासून. पंधरा सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या, दोन्ही टोकं धरून मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरा, ज्योतीत नाही. सतत फिरवत राहा. मधे चकाकी येऊन तो जरासा लवला की ज्योतीपासून बाजूला घ्या, एक क्षण थांबा आणि मग दोन्ही हात लांब करा. भराभर ओढलंत तर केसासारखी, सावकाश ओढलंत तर सुईसारखी तार निघते. थंड होईपर्यंत ताणून धरा, नाहीतर वाकडी होईल. पहिले दोन-तीन तुकडे सरावासाठी सोडून द्या.

कोरी पाटी

चौथ्या तुकड्याला जमली. मुळाशी किंचित जाड, टोकाला केसाएवढी. सुपरग्लूवर उभी केली आहे आणि दार बंद करून बसलोय, वाऱ्याने हलू नये म्हणून.